मामाकडे ठेवू की बोर्डिंगला? (मिशनची शाळा, नागपूर, आठवी)

निंबोळी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिला धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. नवरा वनविभागात आहे, जूनपासून अहेरीला (गडचिरोली जिल्हा) बदली झालीये आणि मी पण तिकडेच जाणार. मुलगा आता सातवीची परीक्षा देतोय. नागपुरातल्या एका ख्रिश्चन मिशनच्या शाळेत आठवीला ऍडमिशन मिळतेय, तिथे डे स्कॉलर (रोज घरून येणारे) पण आहेत आणि बोर्डिंग पण. माझा भाऊ नागपुरातच मनीष नगर भागात राहतो, त्याचं आणि वहिनीचं म्हणणं की पोरगा आमच्याकडे राहील, बोर्डिंगला काय अनाथ आहे का तो. शाळा सदरच्या बाजूला आहे. नवऱ्याचं म्हणणं बोर्डिंग. सासूबाईंचं म्हणणं तो येशूचा होऊन घरी येईल. आणि पोराला विचारलं तर म्हणतो तिथे फुटबॉलचं ग्राउंड आहे का. आठ दिवसात फॉर्म भरायचाय. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी खरं खरं लिहा प्लीज, गोड गोड नको.

तर्रीवाला
ताई, पहिले तं एक सांगा, "मिशनची शाळा" म्हणजे खरंच मिशनची का नुसती कॉन्व्हेंट? कारण आपल्या नागपुरात कोणत्याबी इंग्रजी शाळेले कॉन्व्हेंटच म्हणते लोक, नाव सरस्वतीचं असलं तरी. माया शेजारची पोरगी चार वर्ष "कॉन्व्हेंटात" गेली तिनं नन एकबी पाह्यली नाही.

निंबोळी
@तर्रीवाला हाहा, नाही जी, खरी मिशनचीच आहे. चॅपल आहे, फादर आहेत, शंभर वर्षांच्या वरची बिल्डिंग आहे.

तर्रीवाला
मंग बरं. मी अशाच एका शाळेत डे स्कॉलर होतो, पाचवी ते दहावी. तुमाले वाटत असन की बोर्डर म्हणजे बिचारे न डे स्कॉलर म्हणजे राजे. उलटं हाय ताई. शाळा त्यायची असते. ग्राउंड त्यायचं, टीम त्यायची, फादरले टोपणनाव त्यायनं ठेवलेलं. आपण सकाळी येतो न दुपारी जातो, पाहुणे. आपल्यापाशी फक्त एक गोष्ट असते जे त्यायच्यापाशी नसते, ते म्हणजे घरचा डबा. माया आईनं एकदा पाटोड्याची भाजी देली होती, मधल्या सुट्टीत डबा उघडला न मले एकच पाटोडी भेटली, बाकी सात जणाईचे हात. घरी येऊन आईले सांगतलं तं ती रागावली नाही, दुसऱ्या दिवसापासून दोन डबे. सहावीपासून दहावीपर्यंत दोन डबे. आज चाळिशीचा झालो, त्या सात जणाईतले चार आईच्या तेरवीले आले होते, एक तं रायपूरहून.

मुक्ता नागपूरची
तर्रीवाले, रडवलंत सकाळी सकाळी.

नंबर ११२
धागा दिसला आणि राहवलं नाही. माझा आयडी ११२ का आहे असं इथे खूप जणांनी विचारलंय, आज सांगतो, तो माझा धोब्याचा नंबर. बोर्डिंगला गेलो की पहिल्यांदा नंबर मिळतो, आणि तो प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्यानं शिवायचा, शर्टच्या कॉलरच्या आत, चड्डीच्या पट्टीला, टॉवेलच्या कोपऱ्यात, सगळीकडे, नाहीतर धोब्याकडून तुमचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर परत येतो. पाच वर्षं मला कोणी नावानं हाक मारली नाही, एकशेबारा, गेटवर कोण आलंय बघ.

मी सौंसरचा. म्हणजे मध्य प्रदेश पण घरी मराठीच. १९८९ ला सहावीत बाबांनी आणून सोडलं. छोट्या लाईनच्या गाडीनं आलो होतो, पायात पत्र्याची ट्रंक, ती लाईन २०१५ ला मोठी करायला बंद केली तेव्हा मला उगाच वाईट वाटलं होतं, कारण त्या गाडीला मी खरं तर शिव्याच द्यायचो, ती नागपूरकडे जाताना फार लवकर पोचायची आणि घरी जाताना पोचायचीच नाही.

निंबोळीताई गोड गोड नको म्हणाल्या म्हणून सांगतो. आठवड्यातले सहा दिवस काही वाटत नाही. साडेपाचला घंटा, (घंटा म्हणजे रुळाचा तुकडा टांगलेला आणि त्यावर लोखंडी गज), तोंड धुवायला रांग, स्टडी, नाश्ता, शाळा, खेळ, आंघोळ, परत स्टडी, जेवण, लाईट बंद. विचार करायला टाईमच ठेवत नाहीत आणि ते मुद्दाम असतं हे मला फार नंतर कळलं. पण रविवार! रविवारी दुपारी चार. डे स्कॉलर नाहीत, ग्राउंड रिकामं, गेटजवळ कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक आणि आम्ही आठ-दहा जण तिथे उगाच घुटमळायचो की चौकीदार आपला नंबर पुकारतो का. महिन्यातून एक रविवार भेटीचा असायचा. ज्याचे आईबाप यायचे तो आधी खूप खूष आणि ते गेले की ट्रंकेत डोकं घालून बसायचा, काहीतरी शोधतोय असं दाखवत. कोणी कोणाला काही विचारायचं नाही, नियम नव्हता पण पाळायचे सगळे.

घरून आलेला चिवडा, लाडू वॉर्डन जमा करून घ्यायचे आणि कॉमन कपाटात ठेवायचे, रोज चारला वाटायचे. म्हणजे ज्याच्या घरून काहीच यायचं नाही त्यालाही मिळायचं. तेव्हा मला हा शुद्ध दरोडा वाटायचा.

वाईटही सांगतो. सातवीत असताना एकाचा कंपास हरवला, माझ्या गादीखाली सापडला, मी नव्हता घेतला. तेव्हाच्या वॉर्डननी सगळ्या डॉर्मिटरीसमोर वेताची छडी मारली, सहा. महिन्याभरानं खरं कोणी ठेवला ते कळलं पण माझ्याशी कोणी काही बोललं नाही, ना सॉरी ना काही. हे मी घरी सांगितलं नाही. पत्र रविवारी लिहायचो आणि पाकीट उघडं द्यावं लागायचं, वाचून मगच चिकटवायचे. आता तसं नसेल, पण तुम्ही जाऊन हे विचाराच, की मुलगा घरी फोन करतो तेव्हा शेजारी कोण उभं असतं.

त्याच शाळेत मला कांजिण्या आल्या तेव्हा एक केरळचे ब्रदर दोन रात्री सिक रूममध्ये खुर्ची टाकून बसले होते, हे पण तेवढंच खरं.

पॉपटीवाली
वाचनखूण साठवली. ११२ भाऊ, यावर वेगळा धागा काढा.

कुलूपकिल्ली
मी दुसऱ्या बाजूचं लिहितो, नातेवाईकांकडे राहिलेल्याची बाजू. अकरावी-बारावी आत्याकडे काढली, धंतोलीत. आत्यानं काही म्हणजे काही कमी केलं नाही, स्वतःच्या मुलाआधी मला वाढायची. पण दोन वर्षं मी त्यांचा फ्रिज स्वतः उघडला नाही. पाणी माठातलं प्यायचो. कोणी मनाई केली नव्हती हो, हातच जायचा नाही. आणि आत्याच्या मुलाला माझ्यापेक्षा कमी मार्क पडले तेव्हा घरात जी शांतता होती ती अजून आठवते, मला पेढा खाताना सुद्धा चोरट्यासारखं वाटत होतं. होस्टेलला निदान सगळे सारखेच उपाशी असतात.

निंबोळी
@कुलूपकिल्ली तुमचं वाचून पोटात खड्डा पडला. भावाच्या दोन मुली आहेत, टू बीएचके आहे, याला हॉलमध्ये झोपावं लागेल. वहिनी मनापासून म्हणतेय हे मला माहितीये म्हणून तर अवघड झालंय.

ऑरेंज लाईन
प्रॅक्टिकल बोलू का, मनीष नगरहून सदर म्हणजे जयप्रकाश नगरला मेट्रोत बसवा आणि कस्तुरचंद पार्कला उतरवा, आठवीचा मुलगा जाऊ शकतो आरामात. पण शाळा सकाळची असेल तर घरातून साडेसहाला निघावं लागेल आणि डबा सहाला तयार, हे वहिनींना आधी विचारा. उत्साहात हो म्हणतात लोक.

फुल टाइमपास
सासूबाईंच्या प्रश्नाचं काय झालं? धर्माचं? त्यावर कोणीच बोलेना. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मंडळीतली
पॉपकॉर्न ठेवा बाजूला, मी बोलते. मी नागपूरची मराठी ख्रिश्चन, चार पिढ्या इथल्या. आमच्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळे आणि अनारसे होतात, केक विकतचा. दर वेळी मिशन शाळेचा विषय निघाला की हा प्रश्न येतो आणि दर वेळी मला तेच उत्तर द्यावंसं वाटतं, की बाई गं, धर्मांतर करायचं असतं तर दीडशे वर्षात अर्धं नागपूर आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) आलं असतं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ ला आले तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. स्कॉटलंडचा माणूस, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडत फिरायचा, जीवाश्म गोळा करायचा. भूगर्भशास्त्रात नाव आहे त्यांचं. १८६३ मध्ये टाकळघाटची ती जुनी दगडांची वर्तुळं बघून परतताना नदीच्या पुरात वाहून गेले. कॉलेज त्यांच्या नावानं १८८३ ला निघालं. तिथे शिकलेल्यांची यादी काढा, त्यात ख्रिश्चन किती सापडतात बघा.

कॅथलिकांचं वेगळं, त्यांचे फादर फ्रान्सकडून आले, सदरची एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) शाळा १८७० ची. बाहेरच्यांना सगळं एकच "चर्च" वाटतं म्हणून सांगतेय. आम्ही सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, वेगवेगळी प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन ती झाली तीच मुळी नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला.

बोर्डिंग काढली ती का, तर तेव्हा छिंदवाडा, बालाघाट, चांदा, गडचिरोलीकडून येणाऱ्या पोरांना रोज ये-जा करायला रस्तेच नव्हते. म्हणजे निंबोळी, तुझ्या पोरासारख्यांसाठीच. आता तिथल्या बहुतेक मुलांच्या घरी तुळशीवृंदावन असतं, आणि आमच्याच मंडळीतल्या रिक्षावाल्याच्या मुलीला फी परवडत नाही म्हणून ती मनपाच्या शाळेत जाते. यावर कोणी धागा काढत नाही.

फुल टाइमपास
सॉरी ताई. शेवटचं वाक्य लागलं.

बारीक अक्षर
सासूबाईंना दाखवायला: घटनेचं कलम २८(३). सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, अल्पवयीन मुलासाठी पालकाची संमती लागते. म्हणजे प्रार्थनेला उभं राहायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. बहुतेक शाळांमध्ये ख्रिश्चन मुलांना कॅटेकिझमचा (त्यांच्या धर्मशिक्षणाचा) तास असतो तेव्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन. तरी ऍडमिशन फॉर्मवर सही करताना वाचा, संमतीचं वाक्य तिथेच कुठेतरी असतं.

आणि कोणी विचारायच्या आत, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत. सुप्रीम कोर्टानं २०१२ ला विनाअनुदानितांना सूट दिली, २०१४ च्या प्रमती निकालात अनुदानितांनाही. २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानं त्यावर शंका घेऊन मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलंय. मंडळीतली यांनी जो रिक्षावाल्याच्या मुलीचा मुद्दा काढला तो इथेच येतो, कलम ३० मुळे (अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा-चालवायचा हक्क) शाळा समाजाची राहिली पण समाजातल्या गरिबाची राहिलीच असं नाही.

दगडू
माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या शाळेत (नाव घेत नाही) मराठी बोललं की गळ्यात लाकडी पट्टी. ज्याच्या गळ्यात पट्टी त्यानं दुसरा मराठी बोलणारा पकडायचा आणि त्याच्या गळ्यात घालायची, संध्याकाळी ज्याच्याकडे असेल त्याला दंड. म्हणजे दिवसभर एकमेकांवर पाळत. माझा जिगरी दोस्त खेळताना पडला, गुडघा फुटला, "आई गं" ओरडला आणि मी पट्टी त्याच्या गळ्यात टाकली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. चौथीत होतो. इंग्रजी उत्तम आलं, त्यावरच पोट भरतोय, पण ते "आई गं" काही जात नाही डोक्यातून.

तर्रीवाला
दगडू भाऊ, आमच्याकडे दंड होता पण आमचे फादर स्वतः आमच्याशी मराठी बोलून फसाचे. एकदा त्यायनंच डब्यात चार आणे टाकले.

बारीक अक्षर
२०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात पहिली ते दहावी, सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. मराठी बोलायला बंदी घालता येत नाही हेही त्याच कायद्यात आहे. तरी पट्टीचे अवतार निघतातच, आता "इंग्लिश झोन" म्हणतात.

मेट्रनबाई
उशिरा आले धाग्यावर. मी सव्वीस वर्षं मुलांच्या बोर्डिंगमध्ये मेट्रन होते, आता रिटायर्ड. निंबोळी, तुला काय बघायचं ते सांगते. माहितीपत्रक घरी ठेव, त्यात सगळ्या बोर्डिंगचं ग्राउंड हिरवं असतं.

आधी फोन करून जाऊ नकोस. शनिवारी दुपारी जा. संडास बघ, सकाळी धुतलेला चालेल, दुपारी चारला कसा आहे ते बघ. सिक रूममध्ये गादीवर चादर आहे का आणि रात्री तिथे कोण असतं ते विचार, नुसतं "स्टाफ असतो" म्हणाले तर नाव विचार. डॉर्मिटरीत लहान-मोठी मुलं एकत्र झोपतात का. आठवीच्या मुलाच्या शेजारी बारावीचा नको. रॅगिंग बाहेरच्याकडून होत नाही, दोन वर्षं मोठ्याकडून होतं आणि तो पण रडतच आला होता तिथे. रात्री वॉर्डन कुठे झोपतात, आणि त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हे बिनधास्त विचार, राग आला तर येऊ दे. मुलाला १०९८ नंबर (मुलांसाठीची हेल्पलाइन) पाठ करून पाठव. आणि घरात एक खुणेचा शब्द ठरव, फोनवर शेजारी कोणी असेल आणि काही गडबड असेल तर त्यानं तो बोलायचा. आमच्याकडे एक मुलगा "टायगरला आंघोळ घातली का" असं विचारायचा, त्यांच्याकडे कुत्राच नव्हता. आई दुसऱ्या दिवशी हजर. (खूप गंभीर नव्हतं, गालगुंड झाले होते आणि कोणी लक्ष देत नव्हतं. ती चूक माझीच होती.)

पहिले तीन आठवडे रडेल. त्या तीन आठवड्यात भेटायला जाऊ नकोस असं सगळे सांगतात, मी पण सांगायचे. आता वाटतं की ते आमच्या सोयीचं होतं जास्त. एकदा जाऊन ये, पण परत घेऊन येऊ नकोस.

नागपूरच्या थंडीचा लोक विचार करत नाहीत, सगळं लक्ष उन्हाळ्याकडे. डिसेंबरात मोठ्या दगडी डॉर्मिटरीत पहाटे गरम पाण्याची एक बादली दोघात असते. जाड ब्लँकेट दे आणि त्यावर पण नंबर शिव.

नंबर ११२
मेट्रनबाई, तुम्ही पिवळी साडी नेसायच्या का शनिवारी?

मेट्रनबाई
नाही रे बाबा, मी मुंबईकडच्या बोर्डिंगमध्ये होते. पण प्रत्येक मेट्रनची एक पिवळी साडी असतेच.

फुल टाइमपास
चॅपलबद्दल ११२ नी काहीच लिहिलं नाही, जावं लागायचं का?

नंबर ११२
रविवारी हिंदू मुलांना चॉईस होता, स्टडी हॉल नाहीतर चॅपल. आम्ही सगळे चॅपलला. भक्ती वगैरे काही नाही, मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या भिंती दोन हात जाड आणि मोठा कूलर होता, स्टडी हॉलला पत्रा. कॅरोल्स सगळी पाठ आहेत अजून. घरी गणपती बसतो दहा दिवस आणि आरती मीच म्हणतो, फक्त बायको म्हणते तू आरती चर्चसारखी म्हणतोस, सुरात आणि हळू.

निंबोळी
अपडेट. शनिवारी न सांगता गेलो. संडास बरा होता, सिक रूममध्ये रात्री कोण असतं ते नाव लगेच सांगितलं, एक सिस्टर आहेत नर्सिंग केलेल्या. फोन रोज नाही, आठवड्यात दोनदा, कॉरिडॉरमध्ये, शेजारी कोणी नसतं असं म्हणाले पण वॉर्डनच्या खोलीचं दार तिथेच आहे, ते मी बघितलं. मराठीच्या दंडाबद्दल विचारलं तर हसले नुसते, ते मला आवडलं नाही. मेस बघितली, वांग्याची भाजी होती, पातळ. ग्राउंड आहे. पोरगा तिथे खेळणाऱ्या मुलांत जाऊन उभा राहिला आणि पाच मिनिटात त्याला कोणीतरी गोलकीपर केलं, नवीन आलेल्याला तेच करतात वाटतं. परत येताना गाडीत म्हणाला, बोर्डिंगच ठीक आहे, पण वर्गात डबा आणणारे किती असतात?

त्यानं हा धागा वाचलेला नाहीये हं.

बोर्डिंगचं ठरवलं. महिन्याच्या सुट्टीच्या रविवारी मामाकडे जाईल. भावाला सांगितलं, तो हो म्हणाला. वहिनी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

कुलूपकिल्ली
बोलतील. रविवारचा पाहुणा असला की फ्रिज पण उघडता येतो.

निंबोळी
नंबर मिळाला, २७. यादीत एकूण बेचाळीस नग आहेत कपड्यांचे. काल वहिनीकडे लाल दोरा आहे का विचारायला फोन केला, फक्त दोराच मागितला होता. आज दुपारी रिक्षानं स्वतः आली, चष्मा लावून बसलीये केव्हाची, मला हात लावू देत नाहीये, म्हणते तुझे टाके सुटतील. शर्ट झाले, चड्ड्या झाल्या, टॉवेल झाला. आत्ता मोजे घेतलेत.

नंबर ११२
वहिनींना सांगा मोज्यांचा नंबर वरच्या पट्टीला बाहेरून शिवा, आतून शिवला तर गाठ टोचते आणि मुलं एकच मोजा घालून फिरतात.